साक्षीला बोलावण्याचा अधिकार

मुलांनो, तुम्ही रोज शाळेत ‘दप्तर’ घेऊन येता. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीत मात्र दप्तर म्हणजे शाळेची पिशवी, आणि कचेरीतील कागदपत्रांच्या गठ्ठ्यांनाही दप्तरच म्हणतात. कचेरीत कोणते काम झाले, किती पैसे खर्च झाले, कोणी सही केली, हे सारे त्या दप्तरात लिहिलेले असते. पण ते दप्तर सामान्य माणसाला सहज पाहता येत नाही आणि ते लिहिणाऱ्या माणसाला प्रश्नही विचारता येत नाहीत. मग सरकारी कामात चूक किंवा लबाडी झाली, तर खरे कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर आज आपण समजून घेऊ.

समजा, एका गावात गटार बांधायचे ठरले. कागदावर काम पूर्ण झाले आणि ठेकेदाराचे बिलही निघाले. प्रत्यक्षात मात्र पावसाळ्यात पाणी घरांत शिरतेच आहे, कारण गटार अर्धेच बांधले आहे. गावकरी तक्रार करतात. कचेरीतून उत्तर येते, “काम नियमाप्रमाणे झाले आहे.” ज्या अभियंत्याने मोजमाप घेतले त्याची बदली झाली आहे. मोजमाप पुस्तिका कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. खरे काय ते एका कारकुनाला ठाऊक आहे, पण तो गप्प आहे.

अशा वेळी सरकारच्या कारभारावर लक्ष ठेवणारी एक वेगळी संस्था हवी. अशी संस्था ही नवी कल्पना नाही. जुन्या इस्लामी शहरांत बाजारावर देखरेख ठेवणारा ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असे. वजने-मापे खरी आहेत की खोटी, हे तो तपासत असे. स्वीडन देशाने १८०९ साली आपल्या राज्यघटनेत लोकांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची तरतूद केली. त्याला तेथे ‘ओंबुड्समन’ म्हणतात. भारतात १९६६ साली प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त नेमावेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ साली लोकायुक्तांचे काम सुरू झाले. देशात या कामाची प्रत्यक्ष सुरुवात करणारे आपले राज्य पहिले.

पण नुसती संस्था नेमून भागते का? शेतावर राखणदार ठेवला, पण त्याला कोणाला अडवायचा किंवा विचारायचा अधिकारच दिला नाही, तर तो फक्त पाहत बसेल. चौकशी करणाऱ्या संस्थेचेही तसेच आहे. तिने पत्र लिहावे आणि समोरून “कार्यवाही चालू आहे” एवढेच उत्तर यावे, तर वर्षे निघून जातील. म्हणून १९७१ च्या कायद्याने लोकायुक्तांना चौकशीच्या कामापुरते दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले. ते असे : कोणत्याही व्यक्तीला समन्स पाठवून हजर करणे, तिला शपथ देऊन प्रश्न विचारणे, दस्तऐवज सादर करायला लावणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे आणि कचेरीतील सरकारी कागद मागवणे.

‘समन्स’ म्हणजे हजर राहण्याचा लेखी हुकूम. त्यात कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी यायचे ते लिहिलेले असते. हा हुकूम मोडता येत नाही. समन्स मिळूनही साक्षीदार आला नाही, तर दिवाणी न्यायालय त्याच्यावर वॉरंट काढू शकते, त्याची मालमत्ता जप्त करू शकते किंवा त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. शपथेवर खोटे बोलणे हा तर गुन्हाच आहे. न्यायालयीन कामात खोटी साक्ष देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता पुन्हा आपल्या गटाराकडे वळू. लोकायुक्तांनी अभियंत्याला समन्स पाठवले, तर बदलीचे कारण सांगून त्याची सुटका होत नाही. मोजमाप पुस्तिका कपाटात राहत नाही. आणि तो गप्प बसलेला कारकून? काही जणांना वाटते की साक्षीची सक्ती म्हणजे साक्षीदारावर जुलूम. पण जरा विचार करा. कारकून आपणहून बोलायला गेला असता, तर साहेब म्हणाले असते, “तू आमच्याविरुद्ध का गेलास?” समन्स आल्यावर तो म्हणू शकतो, “मी गेलो नाही, मला बोलावले. शपथ घेतल्यावर खरे सांगणे भागच होते.” म्हणजे ज्या हुकुमाची लबाड माणसाला भीती वाटते, तोच हुकूम भित्र्या पण प्रामाणिक माणसाला आधार देतो.

आपले जूचंद्र गाव रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. ठिपक्यांची रांगोळी तुम्ही पाहिली असेल. एक ठिपका सुटला तरी नक्षी जुळत नाही. चौकशीतही तसेच असते. एका साक्षीदाराचे बोलणे किंवा एक कागद राहून गेला, तर खरे चित्र उमटत नाही.

एवढा मोठा अधिकार कोणाच्याही हाती बेलगाम देता येत नाही. त्याचा उपयोग माणसाला छळण्यासाठीही होऊ शकतो. म्हणून कायद्याने त्याला मर्यादा घातल्या आहेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० प्रमाणे, ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. दिवाणी न्यायालयात साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च मिळतो. लोकायुक्तांच्या १९७१ च्या कायद्यात चौकशी खाजगीत करावी आणि तक्रारदाराचे नाव लोकांत फोडू नये, असे सांगितले होते. राज्याच्या सुरक्षिततेची माहिती आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीतील चर्चाही त्यातून वगळली होती.

आणखी एक मर्यादा आहे. तिचे उदाहरण आपल्या जवळच्या मुंबईतले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने २५ जानेवारी १९९३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. चौकशी आयोगाच्या १९५२ च्या कायद्यानुसार त्यांनाही साक्षीदारांना बोलावण्याचा अधिकार होता. त्यांच्यासमोर पोलीस अधिकारी, राजकीय नेते आणि ज्यांची घरे-माणसे गेली असे सामान्य नागरिक, सर्वांच्या साक्षी झाल्या. मोठ्या माणसालाही तेथे उलटतपासणीला तोंड द्यावे लागले. मध्येच, जानेवारी १९९६ मध्ये, राज्य सरकारने आयोग बंद केला. त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू करण्यात आला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. यावरून दोन गोष्टी कळतात. सरकारने नेमलेला आयोग सरकार बंदही करू शकते. आणि आयोग साक्ष घेतो, पण शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल स्वीकारायचा की नाही, हे सरकार ठरवते. तरीही त्या साक्षी वाया गेल्या असे म्हणता येत नाही. शपथेवर सांगितलेले शब्द लेखी राहिले, आणि लिहिलेले सहज पुसता येत नाही.

१९७१ च्या कायद्यात मुख्यमंत्री लोकायुक्तांच्या चौकशीच्या बाहेर होते. त्यांनाही चौकशीच्या कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. माहितीचा अधिकार हा २००५ चा कायदाही तुमच्या कानांवर आला असेल. त्यानुसार नेमलेले माहिती आयोगसुद्धा माणसांना बोलावून शपथेवर विचारू शकतात. मानवी हक्क आयोगालाही १९९३ च्या कायद्याने असाच अधिकार दिला आहे.

मुलांनो, ‘साक्षीदार’ हा शब्द नीट पाहा. ‘साक्षी’ संस्कृतमधून आला आणि ‘दार’ फारसीतून. दोन भाषांनी मिळून हा शब्द घडवला. उर्दूत आपण ‘गवाह’ म्हणतो. शब्द कोणताही असो, काम एकच : जे पाहिले ते तसेच सांगणे, वाढवू नये आणि लपवू नये. कायदा माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत आणू शकतो. तेथे उभे राहिल्यावर खरे बोलणे मात्र त्याच्या स्वतःच्या हाती असते.