सुतार झालेला वादक

माउथ ऑर्गन हें वाद्य आपल्याकडे बहुधा मुलांच्या खेळण्यांत जमा होतें. जत्रेंतून आणावें, चार दिवस फुंकावें, आणि मग फडताळाच्या कोपऱ्यांत टाकून द्यावें, अशी त्याची गत. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णी लोकांनीं याच चिमुकल्या वाद्यांतून 'ब्लूज' नांवाचें दुःखाचें आणि जिद्दीचें संगीत वाजविलें. त्या परंपरेंतील एक वादक स्नूकी प्रायर यांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांची कला एकदां ऐकली गेली, मग विसरली गेली, आणि त्यांच्या वयाच्या पासष्टीनंतर पुन्हां जगापुढें आली.

प्रथम वाद्याविषयीं दोन शब्द. या माउथ ऑर्गनला दहा भोकें असतात आणि प्रत्येकामागें पितळेच्या दोन पातळ पत्त्या. एक पत्ती श्वास सोडतांना वाजते, दुसरी ओढतांना. म्हणजे आपल्या पेटीचेंच हें धाकटें भावंड. पेटीवर मींड निघत नाहीं, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप. त्यापायींच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला बाहेरची वाट दाखविली, आणि ती बंदी सुमारें तीस वर्षें चालली. माउथ ऑर्गनची गोष्ट निराळी. येथें भाता म्हणजे वादकाचीं फुप्फुसें, आणि पेटीची पोकळी म्हणजे त्याचें तोंड. जिभेचा आकार बदलून श्वास ओढला कीं ठरलेला सूर खालीं वांकतो. 'सफेद एक'चें वाद्य हातीं घेऊन ब्लूजचा वादक षड्ज मात्र 'सफेद पांच'चा धरतो. त्यामुळें महत्त्वाचे सूर श्वास ओढण्यावर येतात. गंधार हवा तितका उतरवितां येतो, कोमल निषाद आयताच मिळतो, आणि आपण अचल मानलेला पंचमही जागचा ढळतो. ब्लूजमध्यें जें कण्हणें ऐकूं येतें, त्याचें मूळ येथें आहे.

जेम्स एडवर्ड उर्फ स्नूकी प्रायर यांचा जन्म १९२१च्या सुमारास मिसिसिपी राज्यांत लॅम्बर्ट या गांवीं झाला. पुढें दक्षिणेंतील हजारों कृष्णवर्णीयांप्रमाणें तेही शिकागोस आले. दुसऱ्या महायुद्धांत ते सैन्यांत होते. छावणींतील ध्वनिवर्धकावरून बिगुलाचे इशारे वाजवितां वाजवितां, आपला माउथ ऑर्गनही असाच मोठा करून ऐकवावा, ही कल्पना आपणांस सुचली, असें ते सांगत. १९४५ सालीं सुटका झाल्यावर त्यांनीं ध्वनिवर्धक घेतला आणि शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर, रविवारच्या उघड्या बाजारांत, ते वाजवूं लागले.

यांत केवळ आवाज मोठा करण्याचा प्रश्न नव्हता. मायक्रोफोन आणि वाद्य हीं दोन्ही ओंजळींत घट्ट धरलीं कीं सुराचा पोतच पालटतो. पातळ, किनरा आवाज भरदार होतो, त्याला खर चढते, आणि सॅक्सोफोनसारख्या मोठ्या वाद्याशीं तो बरोबरी करूं लागतो. १९४८ सालीं गिटारवादक मूडी जोन्स यांच्या साथीनें प्रायर यांनीं 'प्लॅनेट' या लहानशा कंपनीसाठीं 'स्नूकी अँड मूडीज बूगी' ही तबकडी मुद्रित केली. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, लिट्ल वॉल्टर यांची 'ज्यूक' ही तबकडी देशभर गाजली. तिचा आरंभ प्रायर यांच्या बूगीची आठवण करून देतो, असें जाणकारांनीं वारंवार म्हटलें आहे. वॉल्टर यांची प्रतिभा थोरच होती, आणि ध्वनिवर्धकाचे प्रयोग त्या काळीं एकट्या प्रायर यांनींच केले असेंही नव्हे. तथापि कीर्ति एकाच्या पदरीं पडली आणि दुसऱ्याचें नांव तळटीपेंत गेलें, हें खरें.

१९६०नंतर कृष्णवर्णी तरुणांची अभिरुचि 'सोल' संगीताकडे वळली. ब्लूजवर पोट भरेना. प्रायर यांनीं शिकागो सोडलें आणि इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाजवळील उलिन या गांवीं सुतारकाम पत्करलें. १९७३ सालीं होमसिक जेम्स यांच्यासह ते युरोपचा दौरा करून आले, कांहीं ध्वनिमुद्रणेंही झालीं; पण तो उजेड क्षणाचा ठरला. पुन्हां रंधा आणि करवत.

अखेर १९८७ सालीं 'ब्लाइंड पिग' या कंपनीनें 'स्नूकी' या नांवाची त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. स्टीव्ह फ्रॉइंड यांनीं तिची निर्मिति केली होती. ऐकणारे चकित झाले. मधल्या वर्षांत शिकागोचें संगीत कितीतरी बदललें होतें; या सुताराच्या ओठीं मात्र युद्धोत्तर काळाचा बाज जसाच्या तसा जिवंत होता. मागून आणखी ध्वनिमुद्रिका निघाल्या, दौरे झाले, आणि आपली बाजू आपल्याच तोंडानें सांगण्याची संधि त्यांना मिळाली. २००६च्या ऑक्टोबरमध्यें ते वारले. जवळजवळ वीस वर्षांची ही दुसरी कारकीर्द पहिल्या कारकीर्दीहून अधिक स्थिर होती.

अशा प्रसंगीं आपण म्हणतों, कलावंत पुन्हां सांपडला. वस्तुतः प्रायर कोठें हरवलेच नव्हते. ते उलिनमध्यें आपलें काम करीत होते. हरवले होते ते श्रोते. तबकडी कपाटांत पन्नास वर्षें वाट पाहूं शकते; श्वासावर चालणारी कला तितकी वाट पाहत नाहीं. फुप्फुसें थकलीं असतीं, तर १९८७ची हांक व्यर्थ गेली असती आणि १९४८चा एक जुना ठसा तेवढा उरला असता. प्रायर यांच्यापर्यंत श्रोते वेळेवर पोहोंचले. ज्यांच्यापर्यंत ते पोहोंचले नाहींत, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. आणि म्हणूनच आपल्या आसपास कोणी म्हातारा वादक गप्प बसलेला असेल, तर त्याच्याकडे जाण्यास उशीर करूं नये.