दुसऱ्या गाडीचा विमा : 'स्वस्त' म्हणजे नेमकं काय?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गाडीच्या विम्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, "सर, घरात दुसरी गाडी घेतलीय. तिचा विमा स्वस्तात कसा होईल?" उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की यातला 'स्वस्त' हा शब्दच आधी तपासून घ्यायला हवा. शब्द तपासणं हा तर आमचा जन्मभराचा उद्योग.

आधी आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आमच्याकडे दोन गाड्या. एक रोजची. दुसरी जुनी, छोटी, सौभाग्यवतींनी नोकरीत असताना घेतलेली, पण कागदोपत्री आमच्याच नावावर. त्या निवृत्त झाल्या आणि गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली. विम्याची मुदत संपत आली तेव्हा आम्ही म्हणालो, "उभ्या गाडीला कसला अपघात? बघू पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. एका रात्री शेजारच्या आजींना दम लागला. रोजची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून ही काढली. आजींना दवाखान्यात पोहोचवलं. परत येताना पाऊस होता, आणि एक मुलगा दुचाकीवरून आमच्यासमोर घसरला. ब्रेक लागला. हातभर अंतर उरलं. मुलाला खरचटलं, बाकी काही नाही. घरी येऊन कागद काढले, तर विमा संपून अकरा दिवस झालेले.

आता बघा, घडलं काहीच नाही. मग आमचं चुकलं का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली या प्रश्नाची चर्चा केली, तिला 'नैतिक दैव' म्हणतात. दोन माणसं सारखाच निष्काळजीपणा करतात. एकाच्या समोर कोणी येत नाही, दुसऱ्याच्या समोर येतं. आपण दुसऱ्याला दोषी धरतो आणि पहिला सुटतो. आम्ही सुटलो. पण चूक त्या रात्रीची नव्हतीच, ती अकरा दिवस आधीची होती.

हे ध्यानात ठेवून आता हिशेबाकडे वळू. गाडीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याचा. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं या दुसऱ्या भागात येतं.

थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. अपघातात कोणी दगावलं किंवा जायबंदी झालं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई या विम्यातून मिळते आणि तिला कमाल मर्यादा नाही. विमा नसेल तर तीच रक्कम मालकाच्या खिशातून जाते. आणि खिशात नसेल, तर त्या जखमी माणसाच्या पदरात काय पडणार?

गंमत अशी, की या भागाचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे : १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६, त्यावर ७,८९७. शिवाय १८ टक्के जीएसटी. म्हणजे छोट्या गाडीला साधारण २,४७१ रुपये. सगळ्या कंपन्यांकडे हा आकडा सारखाच. तेव्हा इथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या दरात, तिथे मात्र चार ठिकाणी जरूर विचारा.

मग दुसरी गाडी महाग का वाटते? नो क्लेम बोनसमुळे. वर्षभर दावा केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो नव्या गाडीवर नेता येतो. पण दोन्ही गाड्या ठेवल्या, तर एकच बोनस दोघींना लागत नाही. दुसरी शून्यापासून सुरू होते. सेकंडहँड गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाचा बोनसही तुम्हाला मिळत नाही. काही जण पहिल्या गाडीचा बोनस दुसरीवर दाखवून देतात. तसं करू नका. विमा हा परम विश्वासाचा करार आहे. दाव्याच्या वेळी कंपनी जुनी नोंद तपासते, आणि नेमका तेव्हाच दावा अडकतो.

आता खरी बचत कुठे आहे ते सांगतो. एक, मालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचं १५ लाखांचं कवच. ते गाडीगणिक नाही, माणसागणिक लागतं. दोन्ही गाड्या एकाच्या नावावर असतील आणि पहिल्या पॉलिसीत हे कवच असेल, तर दुसरीत पुन्हा घ्यायची गरज नाही. एजंटला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर ते मुकाट्याने जोडलं जातं. दुसरी गाडी पत्नीच्या नावावर असेल, तर मात्र त्यांचं कवच वेगळं. दोन, ऐच्छिक वजावट. दावा झाल्यास ठरावीक रक्कम आपण सोसायची, त्या बदल्यात हप्ता कमी. क्वचित चालणाऱ्या गाडीला हे बरं पडतं. तीन, २०२२ पासून विमा नियामकाने जितकी गाडी चालेल तितका हप्ता अशी जोड देण्याची, आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांना मिळून फ्लोटर जोड देण्याची मुभा कंपन्यांना दिली आहे. आपली कंपनी देते का, ते विचारा. चार, मुदत चुकवू नका. ९० दिवस उलटले की साठवलेला बोनस जातो.

आणि एक सापळा. गाडीची विमाकृत किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी लावली की हप्ता उतरतो. पण गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे मिळतात. ही बचत नव्हे.

एका श्रोत्यांनी मघाशी विचारलं, "दहा वर्षांच्या गाडीला ओन डॅमेज घ्यावाच का?" आमचं उत्तर असं. जे नुकसान आपण शांतपणे सोसू शकतो, त्याचा विमा नाही घेतला तरी चालतं. जुनी गाडी लाखभराची असेल आणि ती गेली तरी घर हलणार नसेल, तर नुसता थर्ड पार्टी ठेवा. मात्र घराजवळ पाणी साचत असेल किंवा वर मोठं झाड असेल, तर पुन्हा विचार करा. आपलं नुकसान सोसायचं की नाही, हे आपण ठरवू शकतो. दुसऱ्याचं नुकसान सोसण्याजोगं आहे की नाही, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून 'स्वस्त'चा अर्थ आम्ही असा लावतो : स्वतःवरची जोखीम हवी तेवढी उचला, दुसऱ्यावर टाकू नका. त्या मुलाचं नाव आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते विमा भरण्याचं. २,४७१ रुपये.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.