मूल घरी का राहतं: अनुदान, हजेरी आणि काही पक्के गैरसमज

महापालिकेची शाळा असो की जिल्हा परिषदेची, नागपुरात गैरहजर मुलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘यांना सगळं फुकट मिळतं, म्हणून शाळेची किंमत नाही.’ आधी हे फुकटचं किती असतं ते पाहू. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी राज्य सरकारने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया, तोही ७५ टक्के हजेरी भरली तर; वर्षाचे फार तर २२० रुपये. तीस वर्षं उलटली तरी त्या रुपयाचे दोन झाले नाहीत. दिवाळीच्या सुमारास काटोल, सावनेर, हिंगण्याच्या शिवारात कापूस फुटतो आणि वेचणीला किलोमागे आठ-दहा रुपये मिळतात. मुलीनं आईच्या ओटीत तीन किलोची भर घातली की महिन्याचा भत्ता एका सकाळीत निघून येतो. घरानं केलेला हा हिशेब चुकलेला नाही. चुकली आहे ती भत्त्याची रक्कम.

याच समजाचं पुढचं टोक म्हणजे ‘मूल शाळेत नसेल तर घराचं अनुदान थांबवा.’ हा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९८८ मध्ये ‘लर्नफेअर’ नावाने तो सुरू केला: किशोरवयीन मूल शाळेला दांडी मारत राहिलं की कुटुंबाच्या मदतीत कपात. मिलवॉकीच्या विद्यापीठाने तपासणी केली तेव्हा हजेरी सुधारल्याचं काही दिसलं नाही. ब्राझीलच्या ‘बोल्सा फॅमिलिया’ योजनेतही हजेरीची अट आहे. पण तिथे आधी इशारा दिला जातो, गैरहजेरीचं कारण नोंदवलं जातं आणि पैसे बंद करणं ही शेवटची पायरी असते. मोरोक्कोत तर ‘हे पैसे मुलांच्या शिक्षणासाठी आहेत’ एवढंच सांगून, कुठलीही अट न घालता रक्कम दिली, तरी शाळा सुटण्याचं प्रमाण घटलं. अट जोडून जास्तीचं काही हाती लागलं नाही.

आता आपल्याकडे पाहा. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. अशा घराचे १५०० रुपये कापले तर मुलगा वर्गात येईल, की चहाच्या टपरीवर लागेल? माझं मत स्पष्ट आहे: शिक्षा म्हणून मदत तोडणं हा मुलाला शाळेपासून तोडण्याचाच मार्ग आहे.

‘पटावर नाव आहे, म्हणजे मूल शाळेत आहे,’ हा गैरसमज मात्र घरांचा नसून कार्यालयांचा आहे. सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. मग आठवड्यातून दोन दिवस बुडवणाऱ्याचं काय? बुधवार बाजारात किंवा शनिचरी बाजारात आई-वडील दुकान मांडतात, त्या दिवशी माल उतरवायला, गल्ल्यावर नजर ठेवायला मूल लागतं. महिन्याकाठी सात-आठ दिवस असे जातात. भागाकार शिकवला त्या दिवशी ते नव्हतं, पुढच्या दिवशी आलं तर काही कळेना, आणि कळत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी आलंच नाही. शाळाबाह्य मुलांच्या कोणत्याही यादीत हे मूल येत नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर मुलांच्या बोटाला शाई लावून एका दिवसात सर्वेक्षण झालं. एका दिवसाची ती शाई असली गैरहजेरी कशी पकडणार? त्यासाठी हजेरीपट वारानुसार वाचावा लागतो. हे काम वर्गशिक्षक अर्ध्या तासात करू शकतात आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मुलींच्या बाबतीत ‘आईलाच शिकवायचं नाही’ असं सर्रास बोललं जातं. धरमपेठ, रामदासपेठेत धुणीभांडी करणारी बाई सकाळी लवकर वस्तीतून निघते आणि दुपार टळल्यावर परतते. अंगणवाडी काही तासांची. दोन वर्षांच्या लेकराला तिथे दिवसभर ठेवता येत नाही. विचारलं तर उत्तर सरळ मिळतं: ‘पोरगी शाळेत गेली तं लहान्याले कोण पाहीन?’ या प्रश्नाचं उत्तर पाळणाघर हेच आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च मोजताना तिच्या धाकट्या भावाच्या पाळणाघराचा खर्च त्यात धरला पाहिजे, इतकी ही गोष्ट साधी आहे, आणि तरी तो खर्च धरला जात नाही.

‘पोरं खिचडीसाठी येतात’ याबद्दल फार लिहायला नको. येतातच. पोषण आहाराचा तो एक हेतूच होता.

कायद्याविषयीही घोळ आहे. मूल पाठवलं नाही तर पालकांना दंड होतो, असं अनेकांना वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. शाळा उपलब्ध करणं, प्रवेश देणं आणि हजेरी टिकवणं ही जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे.

या कायद्याचा सर्वांत जास्त उपयोग कामठी, कन्हान, खापरखेड्याकडच्या वीटभट्ट्यांवर व्हायला हवा. छत्तीसगडहून, भंडारा-गोंदियाहून कुटुंबं येतात ती पावसाळा संपल्यावर, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष सरत आल्यावर. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे थापलेल्या विटा वाळायला पलटवणारे लहान हातही त्याच हिशेबात धरलेले असतात. अशा वेळी ‘टीसी नाही, आता प्रवेश मिळणार नाही’ असं सांगून शाळेनं परत पाठवणं कायद्याला धरून नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भाषेची अडचण असेल तर नागपूर महापालिकेच्या हिंदी माध्यमाच्या शाळाही आहेत. भट्टी सोडून जाताना मुलासोबत शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेला ते कुठवर शिकलं ते कळतं. ते कार्ड मुलाच्या हाती पडलं की नाही, हे भट्टीवर जाऊन बघणारे बालरक्षक शिक्षक राज्यात आहेत. त्यांना त्या दिवसाची शाळेतून मोकळीक आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळायला हवा.