मेंढपाळाचा कुत्रा आणि नोकरीतला तरुण

उधारीच्या वसुलीला निघालेल्या कापड व्यापाऱ्याला गावोगाव दोन गोष्टी भरपूर मिळतात, चहा आणि सबबी. गेल्या उन्हाळ्यात मी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे गेलो तेव्हा या दोन्ही मिळाल्याच, शिवाय एक तंटाही पदरात पडला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी येथे उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्यापूर्वी आम्ही पार्सलवर 'वडीगोद्रीजवळ' असे लिहून माल पाठवत असू.

गावात माझे एक जुने गिऱ्हाईक आहे. शिवणकाम करतो, सोबत साड्या आणि ब्लाऊजपीस ठेवतो. त्याचा मुलगा कृषी पदवीधर असून एका बियाणे कंपनीत फिरतीच्या नोकरीला आहे. जालना हे बियाण्यांचे शहर. आमच्या भागातील कितीतरी शिकलेल्या मुलांची पहिली नोकरी याच धंद्यात लागते. हिशेब झाल्यावर बाप म्हणाला, "भाई, याला तुम्हीच दोन शब्द सांगा. माझं ऐकत नाही."

प्रकार असा होता. मुलगा कंपनीच्या पेट्रोलवर दुकानोदुकानी फिरतो आणि त्याच फेरीत दुसऱ्या एका कंपनीच्या टॉनिकच्या बाटल्या दुकानदारांच्या गळ्यात मारतो. बाटलीमागे चाळीस-पन्नास रुपये सुटतात. "चाचा, सगळेच करतात," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, पगार तिथंच. माझ्यामागून आलेल्याला एरिया दिला. मग मी काय चुकीचं केलं?"

मी लगेच उत्तर दिले नाही. उन्हे कलली होती. गावाबाहेर ज्वारी निघालेल्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. तिकडे चक्कर मारू म्हणून आम्ही दोघे निघालो.

शहरातील वाचकांसाठी थोडे सांगतो. पीक निघाले की शेतकरी फिरस्त्या धनगरांच्या मेंढ्या रानात बसवतो. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडीखत आणि मूत थेट जमिनीत जाते. त्याचा मोबदला धनगराला धान्यात किंवा रोखीत मिळतो. म्हणजे मेंढी लोकर आणि मांस तर देतेच, पण जिथे नुसती बसते तिथेही कमाई करून देते. आमच्या धंद्यात असा माल नाही! मात्र एवढे भांडवल रात्री उघड्या माळावर पडलेले असते. लांडगा आहे, चोर आहे. तिजोरीही कुत्रा आणि कुलूपही कुत्राच.

कुत्रा भुंकत आडवा आला. मुलाच्या खिशात बिस्किटाचा पुडा होता. त्याने दोन बिस्किटे फेकली. कुत्र्याने एकदा हुंगले आणि पुन्हा मेंढ्यांच्या कडेला जाऊन उभा राहिला. मुलाला नवल वाटले. म्हातारा धनगर म्हणाला, "नाही घ्यायचं ते. येक डाव परक्याच्या हातचं खाल्लं, की चोराच्या हातचं बी खाईल. मंग ठिवायचं कशाला?"

मी विचारले, हे शिकवता कसे? त्याने बाजूला बांधलेले एक पिल्लू दाखवले. "ह्ये आजून शिकतंय. कोकरांतच वाढतंय. वरीसभर फुकटच खातंय बघा. मोठ्या कुत्र्याच्या मागं मागं फिरतं, त्यातनं कळतं." मग थोडे थांबून म्हणाला, "पर कोकराचं रगत चाटलेलं कुत्रं वाड्यावर ठिवत नाहीत. कितीबी हुशार असू द्या."

हे ऐकून मला माझ्या उर्दू शाळेतले मौलवीसाहेब आठवले. वाचकहो, दिव्य कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकारीच्या जनावरांचा उल्लेख आहे. शिकवून तयार केलेल्या जनावराने मालकासाठी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. मौलवीसाहेब म्हणत, इल्मची किंमत बघा, तालीम घेतलेल्या कुत्र्याचा दर्जाही वेगळा! आम्हा पोरांना तेव्हा हसू येई. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.), म्हणजे दानशूर हातिमताईचे चिरंजीव, यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना याबाबत विचारले होते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ते आले आहे. उत्तराचा आशय असा, की कुत्र्याने शिकारीतून स्वतः खाल्ले असेल तर ती खाऊ नका, कारण मग त्याने ती स्वतःसाठी धरली. आणि तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरे कुत्रे मिसळले असतील तरीही खाऊ नका, कारण शिकार कोणी धरली हे कळत नाही.

हा शिकारीचा मसला आहे, हे मी जाणतो. मी आलिम नाही, कपडा विकणारा माणूस आहे. तरीही मला त्यात नोकरीचा सारा कायदा दिसतो. मी मुलाला एवढेच म्हणालो, "बाबा, कंपनीच्या पेट्रोलवर तू दुकानात गेलास. तिथली ओळख कंपनीच्या नावाची. त्या ओळखीवर बाटली विकलीस. आता ही शिकार कोणाची? तुला तरी सांगता येईल का?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेबाला माहीत आहे, चाचा. तो कधी बोलला नाही."

याच वाक्यावर मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागली. ती मी फारशी कोणाला सांगत नाही. १९९०-९१ च्या सुमारास मी एका कापड दुकानात नोकर होतो. थान संपत आले की शेवटचा तुकडा उरतो. कधी पाऊण मीटर, कधी दीड. हे कटपीस बाजूला टाकायचे आणि महिन्याअखेर ढिगाने विकायचे, अशी दुकानाची रीत होती. मी त्यातले बरे तुकडे उचलून ओळखीच्या शिंप्यांना देऊ लागलो. मग हळूहळू तुकडे मोठे निघतील असे कापू लागलो. माझा हात कोणी धरला नाही. मालकांनी एक शब्द काढला नाही. फक्त पाच वर्षांत त्यांनी मला कधी गल्ल्यावर बसवले नाही, खरेदीला सुरतेला नेले नाही. माझ्यामागून आलेला, माझ्यापेक्षा हिशेबात कच्चा असलेला पोरगा सुरतेला गेला. मी वर्षानुवर्षे समजत होतो की माझ्यावर अन्याय झाला. स्वतःचे दुकान टाकले, स्वतःचे नोकर ठेवले, तेव्हा एका नोकराच्या पिशवीत मला एक कटपीस दिसला. मीही बोललो नाही. त्या दिवशी जुन्या मालकांची चुप्पी समजली.

मालक गप्प असतो म्हणजे त्याला चालते, असा अर्थ काढणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तक्रार करण्यापेक्षा विश्वास काढून घेणे फार स्वस्त पडते. त्याला पुरावाही लागत नाही.

आता एक गोष्ट मालकांनाही. हा लेख वाचून उद्या नोकरांना अमानतीचे धडे देणारे शेठ निघतील, म्हणून लिहितो. तो धनगर भाकरी करत होता. पहिली भाकरी मोडून त्याने कुत्र्यासमोर टाकली, मग स्वतः बसला. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, अशी हदीस आहे. मांजर बांधून ठेवून तिला ना खायला दिले, ना स्वतः शोधून खायला मोकळे सोडले, म्हणून एक स्त्री नरकात गेली, हीही हदीस आहे. तीन तीन वर्षे पगार जागचा हलवायचा नाही, आणि नोकराला 'तू बाहेर काही करू नकोस' असेही सांगायचे, हे त्या मांजरीचेच उदाहरण आहे. त्या मुलाचे दुखणे खोटे नव्हते. त्याने निवडलेला इलाज खोटा होता. पगार कमी वाटतो तर बोलावे, न पटल्यास सोडावे, दुसरीकडे जावे. रिज्क देणारा कंपनी नव्हे. पण दोन ठिकाणचे एका फेरीत खाऊ नये.

रात्री परतताना मुलाने विचारले, "मग आता काय करू? मागचं तर होऊन गेलं." मी म्हणालो, हिशेब काढ. त्याने दुकानातल्या चिठ्ठ्यांवर आकडे मांडले. त्या बाटल्यांच्या फेऱ्यांपुरते जास्तीचे पेट्रोल धरून चार हजार तीनशे रुपये निघाले. बापाचा चेहरा पडला. माझ्याकडे त्याची उधारी त्याहून जास्त होती, ती मी पुढच्या हंगामावर टाकली.

दीड महिन्याने त्याच्या बापाचा फोन आला, तोही ब्लाऊजपीसच्या ऑर्डरसाठी. बोलता बोलता म्हणाला, की पोराने साहेबाला सगळे सांगितले आणि पैसे भरले. साहेबाने पावती दिली, बोलला काही नाही. बाटल्या बंद आहेत, पगार तेवढाच आहे. पोरगा आता दुसरीकडे अर्ज करतो आहे, आणि अर्जात जुन्या साहेबाचे नाव द्यावे की नाही हे विचारत होता. मी सांगितले, जरूर द्यावे.