एका म्युझियमनं अख्खं शहर वाचवलं? बिल्बाओची न सांगितलेली अर्धी गोष्ट

नदीकाठी चमचमणारं, वाकड्यातिकड्या भिंतींचं गुगेनहाइम म्युझियम तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. या इमारतीमुळे स्पेनमधलं बिल्बाओ जगभर गाजलं आणि 'बिल्बाओ इफेक्ट' हा शब्द रूढ झाला. म्हणजे काय, तर भव्य कलाकेंद्र बांधा, मरगळलेलं शहर उभं राहील. पण हे इतकं सोपं आहे का?

आधी काय परिस्थिती होती?

बिल्बाओ हे पोलाद आणि जहाजबांधणीचं शहर. 1980 च्या दशकात कारखाने बंद पडत गेले, बेरोजगारी 20 टक्क्यांच्या वर गेली. 1983 मध्ये महापूर आला. नदी म्हणजे तर कारखान्यांचं आणि शहराचं गटार झाली होती.

मग म्युझियम आलं...

बास्क प्रांताच्या सरकारनं फक्त बांधकामासाठी सुमारे 10 कोटी डॉलर मोजले. फ्रँक गेरी यांनी डिझाइन केलेली ही इमारत ऑक्टोबर 1997 मध्ये उघडली. पहिल्याच वर्षी 10 लाखांहून जास्त लोक आले.

पण फोटोत न दिसणाऱ्या 3 गोष्टी

1. नदी: सांडपाणी शुद्ध करण्याचा आराखडा 1979 चा. त्यावर म्युझियमच्या कितीतरी पट खर्च झाला.

2. मेट्रो: म्युझियमच्या 2 वर्षं आधी, 1995 मध्ये सुरू झाली.

3. जमीन: 1992 मध्ये 'बिल्बाओ रिया 2000' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. बंदर आणि रेल्वेच्या पडीक जागा तिनं विकसित केल्या. काही प्लॉट विकून आलेला पैसा पुन्हा शहरातच लावला.

नुसती नक्कल केली तर?

स्पेनमध्येच सान्तियागो दे कोम्पोस्तेलाजवळ 'सिटी ऑफ कल्चर' उभारायला घेतलं. खर्च अंदाजाच्या दुपटीहून जास्त झाला आणि 2013 मध्ये उरलेल्या इमारतींचं काम थांबवावं लागलं.

फायदा कुणाला?

शहरात पर्यटक आले, हॉटेलं आली. पण याच म्युझियममधल्या सफाई कामगारांनी 2021 मध्ये पगारवाढीसाठी संप पुकारला. यात बहुतांश महिला होत्या. जवळपास 9 महिन्यांनी त्यांना सुमारे 20 टक्के वाढ मिळाली.

त्यामुळे तुमच्या शहरात बंद कारखान्याच्या जागेवर कलाकेंद्राची घोषणा झाली, तर डिझाइनचे फोटो शेअर करण्याआधी 3 प्रश्न विचारा. जमीन कुणाच्या ताब्यात राहणार? सांडपाणी आणि बससेवेचं काय? आणि तिथे राबणाऱ्यांना पगार किती मिळणार?