फझ घेताय? आधी ‘ब्लेंड’ बघा!

साक्रीकडची वरात पाहिलीय? गाडीवरच्या भोंग्यातून बेंजो असा काही फाटून बाहेर पडतो की पाय आपोआप हलतात. या ‘फाटण्या’लाच बासवाले फझ म्हणतात आणि त्यासाठी चक्क पैसे मोजून पेडल घेतात. गंमत म्हणजे फझ गाजला तोही बिघाडामुळेच, आणि बासवरच! १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’मध्ये ग्रेडी मार्टिनचा सहातारी बास मिक्सरच्या खराब चॅनलमुळे घरघरला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने मग मुद्दाम तसाच आवाज काढणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आलं.

तुमच्या वीकेंड बँडच्या फंक सोलोला रानटी फझ हवा, मान्य. बूट्सी कॉलिन्स ऐकल्यावर कुणाला नको असेल? पण दुकानात एकट्याने वाजवून भुलू नका. फझ आवाजाच्या लाटेची टोकं छाटतो, वरचे सूर वाढवतो आणि ड्रम्स सुरू झाले की तळाचा दमच गायब! सोलो तुमचा, ऐकू मात्र गिटार येतं. म्हणून मूळ स्वच्छ आवाज मिसळणारा ब्लेंड नॉब हवाच. डिलक्स बास बिग मफमध्ये तो आहे.

बूट्सीसारखा ‘वाँव’ हवा असेल तर एन्व्हलप फिल्टर फझच्या आधी जोडून बघा. फिल्टर ठोक्याच्या जोरावर उघडतो, आणि फझ नेमका तो जोरच सपाट करतो. ट्रायलला स्वतःचा बास न्या. जमलं तर ड्रमरलाही!