हृदयरोग्याने किती चालावे, किती चढावे?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने यापुढे हालचाल आवरती घ्यावी, असा समज आपल्याकडे घरोघरी रूढ आहे. पाण्याची कळशी उचलली तरी घरची मंडळी हातातून काढून घेतात. यात माया असते; परंतु रुग्णाचे हित असतेच असे नाही.

हा समज केवळ अडाणीपणातून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकशास्त्रही अशा रुग्णाला सहासहा आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत असे. बोस्टनच्या डॉ. लेव्हाइन यांनी १९५२ च्या सुमारास रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा अनेकांना ते धाडस वाटले. १९५३ मध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. पुढे झटका येऊन गेलेल्या रुग्णांनाही मोजका व्यायाम मानवतो, हे सिद्ध झाले. नियमित चालण्याने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक काटकसरीने वापरू लागतात आणि तेवढ्याच कामासाठी हृदयावर पडणारा ताण कमी होतो.

प्रश्न आहे तो मात्रेचा. औषधाप्रमाणे व्यायामाचीही मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. त्यासाठी हृदयालेख व आवश्यक तर चालत्या पट्ट्यावरील ताण-चाचणी करतात. प्रारंभी सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्यास थोडी वाढ करीत अर्ध्या तासापर्यंत यावे. आठवड्यातून पाच दिवस एवढे जमले तरी पुष्कळ झाले. पहिली पाच मिनिटे सावकाश, शेवटची पाच मिनिटेही सावकाश. एकाएकी थांबल्यास रक्त पायांत साचून रक्तदाब उतरतो व भोवळ येऊ शकते.

वेग किती असावा? चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, हे साधे माप पुरेसे आहे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला असे समजावे. नाडी मोजण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. परंतु बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या चालू असतील तर श्रम होऊनही नाडी फारशी वाढत नाही आणि ते मोजमाप फसवे ठरते. श्वास रोखून वजन उचलणे टाळावे. प्राणायामातील कुंभकही डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये.

नाशिक शहरात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानासारखी सपाट जागा आहे. खरा धोका संभवतो तो देवदर्शनाच्या ओघात. सप्तशृंगगडावर सुमारे ५०० पायऱ्या आहेत. वीस पायऱ्यांचा एक मजला धरला तर ही चढण पंचवीस मजल्यांची होते! सपाटीवर सावकाश चालताना शरीराला विश्रांतीच्या सुमारे तिप्पट प्राणवायू लागतो. वेगाने पायऱ्या चढताना हे प्रमाण आठपटीपर्यंत जाते. मैदानावर रोज अर्धा तास चालणारा रुग्ण म्हणूनच गड चढू शकेलच असे नाही. २०१८ पासून गडावर फनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे. ट्रॉलीने गेल्यास देवीला कमी पोचते, असे मानण्याचे कारण नाही. श्रावणातील ब्रह्मगिरीच्या फेरीचे अंतर सुमारे २० किलोमीटर असून वाट चिखलाची असते. तेथे तर सरावाशिवाय जाऊच नये.

हवामानाचाही विचार हवा. निफाड परिसरात हिवाळ्यात पारा फार खाली उतरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. अशा दिवसांत पहाटेचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघावे. जेवणानंतर लगेच चालणेही टाळावे.

"दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" असे शेतकरी बांधव विचारतात. शेतकाम हे श्रम आहेत यात शंका नाही. पण ते मोजून होत नाहीत. पाठीवर १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप घेऊन फिरणे किंवा द्राक्षांची क्रेट उचलून गाडीत चढविणे म्हणजे पूर्वतयारीशिवाय एकदम जोर लावणे होय. झटक्यानंतर अशा कामाला केव्हा हात घालावा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

छातीत दडपण, जबडा, पाठ वा डाव्या हातात कळ, थंड घाम किंवा चक्कर येताच थांबून बसावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी, तीही बसूनच, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बसल्या जागी छातीत दुखू लागले असेल, ताप असेल अथवा पायांवर सूज येऊन वजन झपाट्याने वाढत असेल, तर त्या दिवसांत व्यायाम बंद ठेवून तपासणी करून घ्यावी.

शिक्षकांसाठी एक स्वतंत्र बाब. हृदयाच्या झडपांचा विकार किंवा जन्मजात दोष असलेली मुले ग्रामीण शाळांतही असतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांमार्फत अशी मुले शोधली जातात. अशा मुलाला कवायतीत सर्वांबरोबर धाववणे जसे घातक, तसेच त्याला वर्षानुवर्षे मैदानाच्या कडेला बसवून ठेवणेही अन्यायाचे. पुष्कळ मुलांना काही खेळ निर्धास्त खेळता येतात. कोणते, ते पालकांनी डॉक्टरांकडून लिहून आणावे आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता मैदानावर मुले खेळविणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्यावा.